सतरा बेचाळीस आठ

रसग्रहणाची रीत आधी मजकूर समोर ठेवण्याची आहे, म्हणून तो ठेवतो. ही नोंद नमुन्यादाखल रचलेली आहे. कुठल्या एका दिवसाची किंवा एका लाइनची ती नाही. पण अकोला-अमरावती पट्ट्यात २२० केव्हीच्या एखाद्या लाइनवर वीज कोसळून फॉल्ट झाला, की रिलेच्या स्मृतीतून निघणारा कागद साधारण असाच असतो.

१७:४२:०८.३१८ मेन वन, पिकअप: बी फेज, न्यूट्रल
१७:४२:०८.३२१ मेन टू, पिकअप: बी फेज, न्यूट्रल
१७:४२:०८.३२६ मेन वन, झोन वन ट्रिप: बी फेज
१७:४२:०८.३२८ कॅरियर सेंड
१७:४२:०८.३३० ऑटो-रिक्लोज सुरू
१७:४२:०८.३३१ मेन टू, झोन वन ट्रिप: बी फेज
१७:४२:०८.३६८ ब्रेकर बी पोल ओपन
१७:४२:०९.३६८ ऑटो-रिक्लोज, क्लोज कमांड
१७:४२:०९.४६४ ब्रेकर बी पोल क्लोज
१७:४२:३४.४६४ ऑटो-रिक्लोज यशस्वी
फॉल्ट लोकेशन: ३८.४ किमी

अकरा ओळी. त्यातल्या पहिल्या नऊ ओळी संपेपर्यंत सव्वा सेकंदही गेलेला नसतो.

अतिउच्चदाब उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येक लाइनचं एक पॅनल असतं आणि त्या पॅनलवर रिले बसवलेले असतात. लाइनचा करंट आणि व्होल्टेज अखंड मोजायचा, काही बिघडलं तर ओळखायचं आणि ब्रेकरला लाइन तोडायचा हुकूम द्यायचा, एवढं रिलेचं काम. आजचा संगणकीय रिले हे करता करता घडलेली प्रत्येक गोष्ट वेळ घालून स्वतःच्या स्मृतीत लिहीत जातो. चाचणी विभागातली मंडळी या लिखाणाला इव्हेंट लॉग किंवा नुसतं ‘ईएल’ म्हणतात. त्याच्या जोडीला ‘डीआर’ असतो, डिस्टर्बन्स रेकॉर्डर. तो फॉल्टच्या आधीच्या आणि नंतरच्या काही क्षणांतल्या करंट-व्होल्टेजच्या लाटांचं चित्र काढून ठेवतो. ईएल आणि डीआर ही जोडी एकमेकांवाचून अपुरी आहे, पण साहित्य म्हणून पाहायचं तर मला ईएल अधिक मोलाचा वाटतो. कारणाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. क्रम मात्र मिलिसेकंदापर्यंत सांभाळतो. काय झालं असेल हे ठरवायचं काम तो पूर्णपणे वाचणाऱ्यावर सोपवतो, आणि त्यासाठी लागणारं सगळं त्याच्या हातात ठेवतो.

आता ओळीओळीने.

पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की मूळ घटना या मजकुरात नाहीच. वीज कधी पडली, इन्सुलेटरवरून ठिणगी कधी उडाली, याची ओळ तुम्हाला सापडणार नाही. डीआरमधल्या लाटा पाहिल्या तर बी फेजचा करंट .३०० च्या आसपास अचानक उसळलेला दिसेल. ईएलची पहिली ओळ त्यानंतर १८ मिलिसेकंदांनी येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. रिलेला खात्री पटायला जवळपास एक आवर्तन पाहावं लागतं. तेवढा वेळ त्याने घेतला आणि मग लिहिलं: पिकअप. ही ओळ घटनेची नसून ओळख पटल्याची आहे. ईएल वाचायला बसलेल्या नव्या इंजिनिअरने हा फरक पहिल्यांदा शिकावा. पहिल्या ओळीची वेळ हीच फॉल्टची वेळ असं धरून चालणारा माणूस पुढे दोन उपकेंद्रांचे लॉग शेजारी ठेवले की हमखास अडकतो.

दुसरी ओळ पहिलीसारखीच आहे, फक्त ‘वन’च्या जागी ‘टू’. एका लाइनवर दोन मुख्य रिले ठेवतात आणि ते शक्यतो वेगळ्या कंपनीचे किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारे निवडतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याकडून होऊ नये. मेन टूला ओळख पटायला तीन मिलिसेकंद जास्त लागले. दोघांची गणिताची पद्धत वेगळी असल्यामुळे एवढा फरक पडायचाच. तो प्रत्येक फॉल्टला साधारण तेवढाच राहिला तर सगळं ठीक आहे. एखाद्या फॉल्टला तो अचानक ३० झाला, तर त्या रिलेला व्होल्टेज पुरवणाऱ्या सीव्हीटीच्या वायरिंगपासून तपासायला घ्यावं लागतं.

तिसरी ओळ निकालाची. झोन वन म्हणजे लाइनचा आपल्या बाजूचा साधारण ८० टक्के भाग. फॉल्ट त्यात असेल तर रिलेने कुणासाठीही थांबायचं नाही. उरलेला भाग आणि त्यापलीकडचा थोडा टप्पा झोन टूमध्ये येतो, तिथे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं थांबून पाहायचं. झोन थ्री आणखी लांबचा, तिथे जवळपास सेकंदभर थांबायचं. पलीकडच्या उपकेंद्राने आपलं काम केलं नाही तरच हात घालायचा. या तीन शब्दांत अंतरही आहे आणि संयमही किती ठेवायचा तेही आहे. आपल्या नोंदीत पिकअप ते ट्रिप अवघे आठ मिलिसेकंद आहेत. फॉल्ट जवळचा आहे याबद्दल रिलेच्या मनात शंका उरलेली नाही.

चौथ्या ओळीत तो पलीकडच्या टोकाला निरोप पाठवतो. अकोल्यापासून अमरावतीपर्यंतचं अंतर कापायला विजेच्या लाटेला मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. निरोप देणारी-घेणारी यंत्रं मात्र आपला वेळ घेतात आणि पलीकडच्या लॉगमध्ये ‘कॅरियर रिसीव्ह’ ही ओळ काही मिलिसेकंदांनी उमटते. ती उमटली नाही तर लाइनचा हा फॉल्ट निभावून जाईलही, कारण तो दोन्ही टोकांच्या झोन वनमध्ये आहे. पण पुढचा फॉल्ट एखाद्या टोकाजवळ झाला तर दूरच्या टोकाला निरोपावाचून उशीर होणार. म्हणजे आजच्या लॉगमध्ये एक ओळ नाही, एवढ्यावरून उद्याच्या संकटाची खबर लागते.

सहावी ओळ घाईने वाचणाऱ्याला फालतू वाटेल. ट्रिप तर मेन वनने देऊन झाली, ऑटो-रिक्लोजही (एआर, म्हणजे लाइन आपोआप पुन्हा जोडणं) सुरू झालं, आता मेन टूच्या ट्रिपची काय गरज? मला अख्ख्या मजकुरात हीच ओळ सगळ्यात जास्त आवडते. ती आली नसती तर बाहेर कुणाला काही कळलं नसतं. लाइन तशीच तुटली असती, तशीच जुळली असती. मूर्तिजापुरात एखाद्या घरातला बल्ब तेवढाच मिचकला असता. पण मेन टू मुका आहे हे कळलं असतं ते फक्त या ओळीच्या नसण्यातून, आणि मेन वन नेमका बिघडलेला असेल त्या दिवशी ते कळून उपयोग झाला नसता. अनुभवी माणूस लॉग हातात आल्यावर आलेल्या ओळी नंतर वाचतो; यायला हव्या होत्या आणि आल्या नाहीत अशा ओळींची यादी त्याच्या डोक्यात आधी चालू होते.

सातव्या ओळीपासून मजकुराचा वेग बदलतो. इथपर्यंत सगळं इलेक्ट्रॉनिक होतं. आता लोखंड हलणार. ट्रिप कॉइलला डीसी मिळाला, खीळ सुटली, स्प्रिंग मोकळी झाली, एसएफ-सिक्स वायूने भरलेल्या कक्षात संपर्क दूर सरकले. यात ४२ मिलिसेकंद गेले. करंट प्रत्यक्षात थोडा पुढे, लाट शून्यावर आली तेव्हा तुटला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनुसार २२० केव्हीवर फॉल्ट १६० मिलिसेकंदांच्या आत दूर झाला पाहिजे, ४०० आणि ७६५ केव्हीवर १०० च्या आत. आपली लाइन आरामात आत आहे. तरी हा ४२ चा आकडा वहीत उतरवून ठेवण्यासारखा आहे. त्याच ब्रेकरचा हा आकडा पुढच्या उन्हाळ्यात ४८ आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ५७ झाला, तर यंत्रणेतलं ग्रीस वाळत चाललंय किंवा कॉइल थकत चाललीय हे ब्रेकर न उघडता समजतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा यार्डातला ब्रेकर दिवसभर उघड्यावर उभा असतो. त्याच्या प्रकृतीची अशी टिपणं आयती मिळत असताना ती न वाचणं मला पटत नाही.

आणि मग आठव्या ओळीआधीचा तो एक सेकंद. .३६८ ते .३६८. या हजार मिलिसेकंदांत लॉग काहीच लिहीत नाही. लाइनचा फक्त बी फेज तुटलेला आहे. आर आणि वाय आपलं काम करतायत, दोन टोकांची गाठ सुटलेली नाही. जिथे ठिणगी उडाली तिथली हवा तापून वीजवाहक झालेली आहे, तिला निवायला अवधी हवा. माणसाने ठरवून ठेवलेला हा अवधी आहे. कमी ठेवला तर लाइन जोडताच त्याच तापलेल्या हवेतून पुन्हा फॉल्ट होईल, जास्त ठेवला तर दोन फेजांवर एवढा वेळ चालणं यंत्रणेला सोसणार नाही. कवितेत दोन कडव्यांमधली कोरी जागा वाचावी लागते, तशी ही जागा वाचावी. एका सेकंदाच्या त्या मौनात लाइन वाचणार की जाणार हे हवेत ठरत असतं.

नवव्या ओळीत पोल जुळला. नवशिका इथेच खुश होतो. रिले मात्र दहाव्या ओळीपर्यंत आणखी २५ सेकंद थांबतो, आणि तेवढ्या वेळात काही बिघडलं नाही तेव्हाच ‘यशस्वी’ हा शब्द लिहितो. एवढं सावधपणे वापरलेलं विशेषण मी वर्तमानपत्रांत क्वचित पाहतो.

अशा वेळी उपकेंद्रातून चाचणी विभागाला जाणारा फोन साधारण असा असतो:

“साहेब, लाइन टिकली. एआर झालं.”

“फ्लॅग लिहून घेतले का भाऊ?”

“घेतले ना. झोन वन, बी फेज. अडतीस पॉइंट चार दाखवून राह्यला.”

“मेन टूबी आला का?”

“आला, दोन्ही आले.”

“आभाळ कसं आहे?”

“इकडं तर नुसतं काळंभोर झालं साहेब, विजा सुरू आहेत.”

शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही ईएलमध्ये नाहीत. यंत्रचालकाने समोरच्या रजिस्टरमध्ये ते आपल्या अक्षरात लिहिलेलं असतं: वेळ, फेज, झोन, एआर यशस्वी, विजा व वारा. त्या रजिस्टरला मिलिसेकंद कळत नाहीत, भिंतीवरच्या घड्याळातलं मिनिट कळतं. ईएलला आभाळ कळत नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की घटना उभी राहते, आणि म्हणून स्वयंचलित नोंदीमुळे यंत्रचालकाचं रजिस्टर निरुपयोगी झालं असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही.

वऱ्हाडात तर आभाळ आणि जमीन कळल्याशिवाय लॉग अर्धाच वाचला जातो. संध्याकाळची १७:४२, मे महिना, वळवाचं आभाळ, एकच फेज, रिक्लोज यशस्वी: वीज पडली असणार. पण त्याच मे महिन्यात शेतकरी पेरणीपूर्वी वावरं साफ करतात, धुरे पेटवतात. दोन टॉवरच्या मधोमध, जिथे तारा सगळ्यात खाली आलेल्या असतात, तिथे खाली जाळ लागला तर तापलेली, धुराने भरलेली हवा तारेला जमिनीशी जोडते. हाही बी फेजचाच फॉल्ट दिसू शकतो, झोन वनच दिसू शकतो. फरक दुसऱ्या गोष्टींत असतो. विजेच्या फॉल्टमध्ये डीआरवरचा करंट एका झटक्यात उसळतो आणि वाटेत अडथळा फारसा नसतो. जाळाच्या फॉल्टमध्ये वाटेतला अडथळा जास्त निघतो, त्यामुळे अंतराचा आकडाही थोडा चळतो. आणि जाळ एका सेकंदात विझत नाही, म्हणून रिक्लोज बहुधा फसतं. मग नवव्या ओळीनंतर लगेच पुन्हा ट्रिप येते, या वेळी तिन्ही पोलची, आणि शेवटी ‘लॉकआउट’. त्याच अक्षरांच्या ओळी, पण क्रम वेगळा आणि त्यामुळे गोष्टही वेगळी.

अकरावी ओळ पत्त्याची आहे. ३८.४ किलोमीटर. लाइन स्टाफकडे प्रत्येक टॉवरचा क्रमांक आणि उपकेंद्रापासूनचं अंतर यांची यादी असते. २२० केव्हीला किलोमीटरमागे साधारण तीन टॉवर. गँग त्या क्रमांकाच्या आसपास जाते, पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत पाऊस पडला असेल तर जीप रस्त्यावरच सोडून चिखल तुडवत जाते, आणि दुर्बिणीतून एकेक इन्सुलेटर बघते. चकतीवर जळाल्याचा डाग सापडला की पत्ता खरा ठरला. तो खरा आहे का हे आधीच तपासायची एक सुंदर पद्धत आहे: पलीकडच्या टोकाच्या रिलेने दिलेलं अंतर यात मिळवायचं. लाइन ९० किलोमीटरची असेल आणि पलीकडून ५१.१ आलं असेल तर बेरीज ८९.५ होते, म्हणजे दोघंही विश्वासू आहेत. बेरीज ९८ आली तर कुणाच्या तरी सेटिंगमध्ये लाइनचे आकडे चुकीचे भरलेत.

आज हे सगळं इतकं सहज मिळतं, की पूर्वी काय मिळत होतं हे सांगावंसं वाटतं. राज्य वीज मंडळाच्या काळात, म्हणजे २००५ साली महापारेषण, महावितरण आणि महानिर्मिती वेगळ्या होण्याच्या कितीतरी आधी, पॅनलवर चकती फिरणारे यांत्रिक रिले होते. रिले चालला की त्याच्या काचेआड एक छोटा रंगीत फ्लॅग पडायचा, हूटर बोंबलायचा, वरच्या खिडक्यांमधले दिवे लुकलुकायचे. यंत्रचालकाने हूटर बंद करायचा, कुठले फ्लॅग पडले ते लिहायचे, मगच रिसेट करायचे. न लिहिता रिसेट केले तर पुरावा गेला. ही शिस्त त्या पिढीने प्राणपणाने पाळली. पण फ्लॅगांची एक मर्यादा होती. पाच फ्लॅग पडले तर पाच पडले एवढंच दिसायचं. पहिला कुठला हे कुणालाच माहीत नसायचं. पारसच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर एकमेकांना बांधलेले असतात, एक बंद पडला की बाकीचे क्षणार्धात मागोमाग पडतात. तिथे ‘आधी कोण’ हाच एक प्रश्न महत्त्वाचा असतो आणि फ्लॅग नेमका तोच सोडून बाकी सगळं सांगायचा. पुढे मिलिसेकंद मोजून कागदावर छापणारी नोंदयंत्रं आली. अमेरिकेत एडमंड श्वाइट्झर यांनी १९८४ साली बाजारात आणलेल्या डिजिटल रिलेने फॉल्टचं अंतरही सांगायला आणि घटनेचा अहवालही स्वतःच लिहायला सुरुवात केली. १९९१ साली लाटांच्या चित्रांसाठी कॉमट्रेड हा सामाईक नमुना ठरला आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिलेंची चित्रं एकाच पडद्यावर एकाखाली एक लावून बघता येऊ लागली.

या मजकुराची भाषा कोण ठरवतं? रिले फक्त लिहितो, शब्द आपण दिलेले असतात. ब्रेकरच्या गॅसचा दाब कमी झाल्याची वायर रिलेच्या बाराव्या इनपुटला जोडली, पण त्या इनपुटला नाव दिलंच नाही, तर लॉगमध्ये ‘ऑप्टो इनपुट १२ ऑन’ एवढंच येतं. रात्री दोन वाजता, लाइन गेलेली असताना, जुनं ड्रॉइंग शोधून बारावा म्हणजे काय हे हुडकावं लागतं. नाव द्यायला दोन मिनिटं लागतात, तीही उपकेंद्र चालू होण्याआधीच्या शांत दिवसांतली. मला हे दुर्लक्ष मनापासून खुपतं. दुसरा दोष बडबडीचा. एखादा सैल संपर्क थरथरत राहिला की एकच ओळ ऑन-ऑफ, ऑन-ऑफ अशी शेकडो वेळा उमटते. रिलेची स्मृती मोजकी असते, ती भरली की सर्वांत जुनी ओळ पुसून नवी लिहिली जाते. म्हणजे एका सैल स्क्रूच्या बडबडीखाली खऱ्या फॉल्टची नोंद गाडली जाऊ शकते. यावर इनपुटला काही मिलिसेकंदांची गाळणी लावतात, पण गाळणी फार जाड लावली तर खरी पण क्षणिक घटनाही गळून जाते. २०१० च्या त्याच ग्रिड मानकांत ईएल आणि डीआर २४ तासांच्या आत पाठवायचा नियम आहे. लोकांना तो कागदी जाच वाटतो. पुसली जाणारी स्मृती ध्यानात घेतली की त्यातली निकड कळते.

सगळ्यात नाजूक प्रश्न वेळेचा. क्रम हाच ज्या मजकुराचा प्राण, त्यातलं घड्याळ चुकलं तर मजकूर खोटा ठरतो, आणि दिसायला तितकाच सुबक राहतो. म्हणून कंट्रोल रूमच्या छपरावर जीपीएसचा अँटेना असतो आणि त्याची वेळ वायरने प्रत्येक रिलेपर्यंत नेलेली असते. कधी एखादा रिले भारतीय वेळेऐवजी जागतिक वेळ लिहीत असतो आणि साडेपाच तासांचा फरक पडतो. ही चूक निरुपद्रवी, कारण ती पहिल्या नजरेत दिसते. चाळीस मिलिसेकंदांनी मागे पडलेलं घड्याळ खरं घातक, कारण त्याने ओळींची उलथापालथ होते आणि कुणाला शंकाही येत नाही. अँटेनाची वायर उंदराने कुरतडली तर रिले आपल्या आतल्या घड्याळावर मुकाट चालत राहतो आणि रोज थोडा थोडा सरकतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडातला मोठा अंधार झाला, तेव्हा तपास करणाऱ्यांचा बराच काळ निरनिराळ्या नोंदींची घड्याळं जुळवण्यातच गेला.

आपल्याकडच्या मोठ्या अंधाराची नोंद ३० जुलै २०१२ ची. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातली ४०० केव्हीची बिना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि काही सेकंदांत उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तीच लाइन पुन्हा गेली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड बुडाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या ट्रिपची नोंद वाचली तर ती साधी आहे: मेन वन, झोन थ्री. ओळीवर विश्वास ठेवायचा तर लाइनच्या पलीकडे लांब कुठेतरी फॉल्ट होता आणि तो कुणी दूर केला नाही. पण फॉल्ट कुठेच नव्हता. लाटा एकदम उसळलेल्या नव्हत्या. जोडीचं सर्किट ७६५ केव्हीसाठी काम चालू असल्याने बंद होतं, सगळा भार या एकाच सर्किटवर आला होता, करंट वाढला होता, व्होल्टेज खाली आला होता. डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागतो आणि येणारा भागाकार अंतर समजतो. भागाकार लहान होत होत झोन थ्रीच्या हद्दीत शिरला आणि रिलेने वाढलेल्या भारालाच फॉल्ट मानलं. त्याने जे पाहिलं तेच लिहिलं. जे पाहिलं त्याचा अर्थ मात्र वेगळा होता. एकच शब्द, ‘झोन थ्री’, दोन पूर्ण निराळ्या परिस्थितींत तितक्याच निःशंकपणे उमटतो, आणि लाटा शेजारी ठेवल्याशिवाय कुठली खरी हे कळत नाही. वऱ्हाड पश्चिम ग्रिडमध्ये येतो आणि पश्चिम ग्रिड दोन्ही दिवस टिकून राहिलं, त्यामुळे इथल्या घरांत ती बातमी पंख्याखाली बसून वाचली गेली. समितीच्या शिफारशींमध्ये एक आवर्जून सांगण्यासारखी आहे: सर्व डीआर, ईएल आणि फेजर मापकांच्या वेळा जुळतात की नाही याची स्वतंत्र तपासणी महिन्याभरात करावी. एवढ्या मोठ्या अंधारानंतर समितीला घड्याळांकडे बोट दाखवावंसं वाटलं, यात मला खोल समज दिसते.

वऱ्हाडात हा भाराचा धडा परका नाही. रब्बीत कृषिपंप आणि उन्हाळ्यात कूलर यांनी लाइन दमते, तेव्हा झोन थ्रीची हद्द इथेही भाराच्या जवळ येऊ शकते. म्हणून भाराचा भाग वगळणारं कुंपण रिलेच्या सेटिंगमध्ये घालतात, आणि उन्हाळ्यातल्या ट्रिपचा लॉग वाचताना तिन्ही फेज एकदम पिकअप झालेत का हे आधी पाहतात.

आणखी एका ठिकाणी ईएलचा क्रम जिवाशी येतो. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रातून परमिट घेऊन माणूस खांबावर चढलेला असतो, आणि अपघात झाला तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार चौकशी होते. तेव्हा प्रश्न अगदी थोडे असतात. फिडरचा ब्रेकर किती वाजता ओपन झाला, किती वाजता क्लोज झाला, आणि क्लोजचा हुकूम पॅनलवरून गेला की लांबच्या कंट्रोल सेंटरमधून. पहिल्या दोन ओळी जवळपास प्रत्येक संगणकीय रिले लिहितो. तिसरी लिहिली जाते ती ‘लोकल-रिमोट’ स्विचची वायर इनपुटला जोडली असेल आणि त्या इनपुटला नाव दिलं असेल तरच. ती नसेल तर यंत्रचालकाचा शब्द आणि दुसऱ्या कुणाचा तरी शब्द एवढंच उरतं, आणि दोघांतला लहान माणूस बहुधा यंत्रचालक असतो. ज्या फिडरांवर ही वायर अजून जोडलेली नाही तिथे ती पुढच्या चाचणीच्या शटडाऊनमध्ये जोडून घ्यावी; एक रिकामा इनपुट, दोन मीटर कंट्रोल केबल आणि सेटिंग फाइलमध्ये टाइप केलेलं एक नाव, एवढंच त्याला लागतं.